भिंत तडकली तरी कोसळू नये : इमारत-संहिता लिहिणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
इमारत-संहिता आणि बांधकाम साहित्याची मानके ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

विषय : भूकंपसुरक्षेसाठी पुनर्वापरित प्लास्टिक वापरण्यासंबंधी

स. न. वि. वि.

आपण कोणत्याही देशाच्या समितीत बसत असाल, गेल्या काही वर्षांत आपल्यासमोर एकाच नावाखाली अनेक प्रकारचे प्रस्ताव आले असतील. कोणी प्लास्टिकचा कचरा वितळवून विटा किंवा ठोकळे बनवतो, कोणी बाटल्यांचा चुरा वाळूच्या जागी काँक्रीटमध्ये मिसळतो, कोणी त्याचे तंतू काढतो, कोणी पट्ट्या विणून भिंतीवर जाळी बसवतो. या सगळ्यांच्या माहितीपत्रकांवर दोन आश्वासने हटकून शेजारी-शेजारी छापलेली असतात : कचरा कमी होईल आणि इमारत भूकंपात टिकेल. पहिले आश्वासन बहुतेक वेळा थोडेफार खरे असते. दुसरे कधी पूर्ण खरे असते, कधी अर्धे, तर कधी त्याला काहीच आधार नसतो. हे चार प्रकार वेगळे करून प्रत्येकाला त्याच्या योग्य जागी बसवण्याचे काम आपण अद्याप पुरेशा स्पष्टपणे केलेले नाही, असे संरचना अभियांत्रिकीत काम करणारा एक माणूस म्हणून माझे मत आहे आणि हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. भूकंपाच्या दृष्टीने प्लास्टिकची खरी उपयुक्तता ताण (म्हणजे ओढ) घेण्यात आहे, भार पेलण्यात नाही. दगड, माती, वीट यांच्या आधीच उभ्या असलेल्या ठिसूळ भिंतींना दोन्ही बाजूंनी जाळीत बांधणे हा प्लास्टिकचा सर्वांत सिद्ध झालेला आणि सर्वांत दुर्लक्षित उपयोग आहे. याउलट ज्या वस्तूंना आज सर्वाधिक प्रसिद्धी मिळते, ते ठोकळे आणि ते काँक्रीट, यांच्या बाबतीत ‘भूकंपरोधक’ हा दावा आपण विनाचाचणी चालू देत आहात.

भूकंपात इमारतीवर बाहेरून कोणी धक्का मारत नाही. जमीन पायाला आडवी हलवते, वरचे वस्तुमान जागच्या जागी राहू पाहते आणि त्या ओढाताणीतून जे बल निर्माण होते ते वस्तुमान आणि प्रवेग यांच्या गुणाकाराइतके असते. म्हणून जड घराला जास्त मार बसतो. दगडमातीच्या किंवा विटांच्या भिंतीचे दुर्दैव असे, की ती जड तर असतेच, शिवाय दाब सोसण्यात समर्थ असली तरी ताण सोसण्यात जवळजवळ असमर्थ असते. भिंतीच्या पातळीत, म्हणजे तिच्या लांबीच्या दिशेने, हलवले की तिला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात, आणि पातळीबाहेर, म्हणजे तिच्या जाडीच्या दिशेने, हलवले की ती कोपऱ्यात शेजारच्या भिंतीपासून सुटून आडवी पडते. दोन्हींपैकी दुसरा प्रकार अधिक घातक, कारण भिंत पडली की तिच्यावर टेकलेले छप्पर खाली येते.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला भूकंप परिमाणाने (मॅग्निट्यूड) सहाच्या थोडा वर होता; जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत तो बसणार नाही. तरीही हजारो माणसे मेली. दोन फुटांहून जाड भिंती, आत-बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि दगडांची भर, दोन थरांना जोडणारे आरपार दगड जवळजवळ नाहीत, वर मातीचे जाड माळवद. हादरा बसताच भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले. माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता तिथे कित्येक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंतींचा ढिगारा झाला. इराणमधील बाम शहर २६ डिसेंबर २००३ रोजी असेच, मुख्यतः कच्च्या मातीच्या विटांच्या घरांमुळे, उद्ध्वस्त झाले आणि पंचवीस हजारांहून अधिक लोक गेले. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी डोंगरातल्या गावांत पडली ती घरेही प्रामुख्याने सांध्यांत माती भरलेल्या दगडांचीच होती. या घरांपैकी बहुतेकांचा आराखडा अभियंत्याने काढलेला नव्हता, आणि जगात आजही अशा घरांत राहणाऱ्यांची संख्या कोट्यवधींत आहे. संहिता नव्या इमारतींसाठी लिहिली जाते. माणसे जुन्या घरांत मरतात.

आता प्लास्टिककडे येतो. टोकियो विद्यापीठातील किमिरो मेगुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकी बांधायला वापरल्या जाणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या घेऊन एक पद्धत विकसित केली. पट्ट्या उभ्या-आडव्या मांडून त्यांच्या छेदनबिंदूंवर जोड दिला जातो आणि जाळी तयार होते. ही जाळी भिंतीच्या आतून आणि बाहेरून लावतात, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोके पाडून दोन्ही बाजूंच्या जाळ्या तारेने एकमेकींना बांधतात, कोपऱ्यांवरून ती पुढच्या भिंतीवर वळवून नेतात, खाली पायाशी आणि वर छपराच्या तुळईशी अडकवतात आणि शेवटी गिलावा करतात. शेक टेबलवर (भूकंपासारखे हादरे देणाऱ्या चाचणीच्या मंचावर) साधी प्रतिकृती आणि जाळी बांधलेली प्रतिकृती शेजारी-शेजारी हलवल्या, तेव्हा साधी कोसळली आणि जाळीतली भरपूर तडकूनही, त्याहून जोरदार हादऱ्यांतही, उभी राहिली.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट अशी, की जाळीमुळे पहिला तडा फारसा लांबत नाही. भिंतीची मूळ ताकद जवळपास तेवढीच राहते. बदलते ते तडा गेल्यानंतरचे वर्तन. शिंक्यातले मडके फुटले तर खापऱ्या शिंक्यातच राहतात, तशी तडकलेली भिंत जाळीत राहते, तिचे तुकडे एकमेकांवर घासत ऊर्जा खर्च करतात आणि छप्पर खाली येत नाही. घर नंतर पाडावे लागेल, कदाचित. आतली माणसे मात्र बाहेर पडलेली असतील. आपल्या संहितांचे मूळ तत्त्वही हेच आहे : मोठ्या भूकंपात इमारतीचे नुकसान झाले तरी चालेल, पण कोसळणे चालणार नाही. तरीही भिंतीच्या ‘सामर्थ्यात’ किती टक्के वाढ झाली एवढाच प्रश्न विचारणारा चाचणी-तक्ता समोर ठेवला, तर या पद्धतीला जेमतेम गुण मिळतात, कारण तिचे सारे कर्तृत्व त्या तक्त्याच्या पुढच्या पानावर सुरू होते.

पेरू देशाने या दिशेने आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा पुढे पाऊल टाकले आहे. लिमाच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात मार्सियाल ब्लोंदेत, दानिएल तोर्रेआल्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या विटांच्या घरांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती शेक टेबलवर हलवल्या, त्यांना पॉलिमरची जाळी, पुढे नायलॉनची दोरीसुद्धा, बांधून पाहिली, आणि या कामाच्या आधारावर त्या देशाच्या मातीच्या बांधकामाच्या ई.०८० या संहितेच्या २०१७ च्या सुधारित आवृत्तीत अशा प्रतिबलनाला (मजबुतीसाठी घातलेल्या साहित्याला) जागा मिळाली. म्हणजे अभियंत्याशिवाय बांधल्या जाणाऱ्या घरासाठी, गवंड्याला हाताने लावता येईल अशा प्लास्टिकसाठी, संहितेत नियम लिहिता येतात. हे अशक्य आहे असे सांगणाऱ्या समिती-सदस्यांनी ती संहिता एकदा मागवून वाचावी.

प्लास्टिक इथेच का शोभते, त्याचे कारण आकड्यांत आहे. पोलादाची ताठरता (ओढले तरी न लांबण्याचा गुण) २०० गिगापास्कल, काँक्रीटची पंचवीस ते तीस, आणि साध्या पॉलिप्रॉपिलीनची एक ते दोन. म्हणजे पोलादाचा जेमतेम शंभरावा हिस्सा. काँक्रीटच्या बीममध्ये गजाऐवजी असे साहित्य घातले तर ते ताण घ्यायला लागेपर्यंत काँक्रीट फुटून मोकळे झालेले असते. मातीच्या भिंतीच्या बाबतीत हाच दोष उपयोगी ठरतो, कारण तिथे भिंत तडकून बरीच सरकल्यावर धरून ठेवणारे, तुटण्याआधी भरपूर लांबणारे काहीतरी हवे असते. ताठ पोलादी जाळी मऊ मातीला कापत जाऊ शकते. प्लास्टिकची पट्टी तिच्याबरोबर वाकते. शिवाय ती गंजत नाही आणि डोंगरवाटेने डोक्यावर वाहून नेता येते. जिथे सिमेंट पोहोचवायलाच दोन दिवस लागतात, तिथे हा शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार ठरतो.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. ज्या भिंतीचे दोन थर आधीच फुगून सुटले आहेत, जिचा पाया खचतो आहे, जिच्यावर मातीचे प्रमाणाबाहेर जाड छप्पर आहे, तिला नुसती जाळी गुंडाळून सुरक्षित म्हणणे म्हणजे रहिवाशांची फसवणूक आहे. छपरावरची माती आधी कमी केली पाहिजे, जोते, लिंटेल (दाराखिडकीवरची आडवी तुळई) आणि छप्पर यांच्या पातळीवर सलग आडवे पट्टे शक्य असतील तिथे दिले पाहिजेत, आणि आरपार दगड किंवा आरपार बांधणी केली पाहिजे. एक-दोन मजल्यांच्या पलीकडे ही पद्धत नेण्याचे कारण मला दिसत नाही.

आता ‘पुनर्वापरित’ या विशेषणाकडे, कारण गोंधळाची खरी जागा ही आहे. पट्टी तयार करताना वितळलेले प्लास्टिक ताणून काढतात. त्यामुळे त्याचे लांबलचक रेणू एका दिशेने मांडले जातात आणि पट्टीला लांबीच्या दिशेने ताकद येते. त्यासाठी रेणू लांब आणि माल शुद्ध लागतो. पॉलिप्रॉपिलीन प्रत्येक वेळी वितळवताना त्याचे रेणू थोडे-थोडे तुटतात, त्यात पॉलिथिनची भेसळ झाली तर दोन्ही नीट एकजीव होत नाहीत आणि ओढताना पट्टी तिथेच तुटते. कचऱ्याच्या ढिगातून उचललेल्या मिश्र प्लास्टिकची चांगली पट्टी होत नाही. पेट (पीईटी), म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक, याचे तसे नाही. बाटल्या वेगळ्या गोळा होतात, धुतल्या जातात, आणि त्यांच्यापासून खोकी बांधायच्या पट्ट्या आजही मोठ्या प्रमाणावर तयार होतात. तेव्हा पुनर्वापरित पट्टी म्हटले की हाताशी येते ती बहुधा पेटची.

आणि इथे एक अडचण आहे, जिचा उल्लेख माहितीपत्रकांत सहसा नसतो. पेट अल्कधर्मी वातावरणात, ओलावा असेल तर, हळूहळू विघटित होते. ओल्या सिमेंटची आणि चुन्याची अल्कता त्याला मानवत नाही. पॉलिप्रॉपिलीनला तिचे काही वाटत नाही. म्हणजे बाटल्यांची पट्टी मातीच्या गिलाव्याखाली ठीक, सिमेंटच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याखाली संशयास्पद; पॉलिप्रॉपिलीनची दोन्हीकडे ठीक, पण पुनर्वापरित स्वरूपात दर्जेदार मिळणे कठीण. ‘प्लास्टिकची जाळी’ असा एकच शब्दप्रयोग करणारे मानक हा फरक पुसून टाकते, आणि त्याची किंमत दहा-पंधरा वर्षांनी, भूकंप येईल तेव्हा, कळते. त्याचप्रमाणे ऊन. उघडी पट्टी अतिनील किरणांनी काही काळातच ठिसूळ होते, म्हणून गिलावा हा या पद्धतीचा अविभाज्य भाग आहे. मालकाने पैसे वाचवायला तो टाळला तर पट्टी लावण्याचा खर्चही वाया गेला असे समजावे.

काँक्रीटमध्ये प्लास्टिक घालण्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण भूकंपाशी त्याचा संबंध प्रचारात दिसतो त्यापेक्षा बराच कमी आहे. वाळूच्या जागी प्लास्टिकचा चुरा घातला की काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद साधारणपणे घटते, कारण गुळगुळीत आणि पाणी झिडकारणाऱ्या कणांना सिमेंट धरत नाही. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठ आणि गोव्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या संयुक्त अभ्यासात दहा टक्के वाळूच्या जागी नीट चाळून मापात आणलेले प्लास्टिक घालून ही घट आटोक्यात ठेवता आली. तो वाळूटंचाईवरचा चांगला उपाय आहे, भूकंपावरचा नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये बाटल्यांच्या प्लास्टिकवर गॅमा किरणांचा मारा करून त्याची पूड सिमेंटमध्ये मिसळली आणि नमुने अधिक मजबूत निघाले. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. प्रयोग चांगलाच होता, पण तो सिमेंटच्या लहान नमुन्यांवरचा होता, प्लास्टिकचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते, आणि मोजली होती ती दाब सोसण्याची ताकद. काँक्रीटच्या इमारती भूकंपात पडतात त्या बहुतेक वेळा काँक्रीट दाबात कमी पडले म्हणून नव्हे. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला असतो, कॉलमच्या रिंगा (उभ्या गजांना वेढणाऱ्या पोलादी कड्या) विरळ असतात आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवण्याऐवजी काटकोनात सोडून दिलेली असतात, कॉलम-बीमच्या सांध्यात तर रिंगाच नसतात. अशा इमारतीच्या काँक्रीटची ताकद वीस टक्क्यांनी वाढवली तरी ती पडायची तशीच पडेल.

तंतूंची गोष्ट थोडी वेगळी. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू आकुंचनाचे तडे आवरतात, बोगद्यांच्या अस्तरात आणि जमिनीवरच्या फरशीत त्यांचा चांगला उपयोग होतो. आगीत ते सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळून वाफेला वाट करून देतात आणि काँक्रीटचे पापुद्रे उडणे कमी करतात, हा त्यांचा एक अनपेक्षित सद्गुण. पण कॉलमच्या रिंगांची जागा ते घेऊ शकत नाहीत. कॉलमला बाहेरून गुंडाळण्याच्या बाबतीत मात्र प्लास्टिकला खरी संधी आहे : पेटच्या विणलेल्या कापडाला रेझिन लावून कॉलमभोवती वेढे दिले, तर ते तुटण्याआधी पाच टक्क्यांहून अधिक लांबते, जिथे कार्बनचे तंतू दीड-दोन टक्क्यांतच तुटतात. जपान आणि हाँगकाँग येथे यावर गंभीर संशोधन झाले आहे. पुन्हा तेच सूत्र दिसते. ताण, लांबणे, बांधून ठेवणे. भार पेलणे नाही.

राहिले ठोकळे, आणि त्यांच्याबद्दल मला जरा लांब बोलावे लागेल, कारण अनुदाने आणि छायाचित्रे त्यांच्याच वाट्याला येतात. कोलंबियातील कॉन्सेप्टोस प्लास्टिकोस या कंपनीने युनिसेफबरोबर आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथे प्लास्टिकच्या विटांचा कारखाना उभारण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. त्या विटांनी शाळांच्या वर्गखोल्या बांधण्याची ती योजना. वर्गखोल्यांची तूट असलेल्या देशात हे स्तुत्य आहे आणि त्या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न फक्त असा : हीच वीट भूकंपप्रवण प्रदेशात नेली आणि तिच्यावर ‘भूकंपरोधक’ असे लिहिले, तर त्याचा आधार काय?

हलकेपणा हा एक आधार नक्कीच आहे. प्लास्टिकचा घनमीटर साडेनऊशे किलोच्या आसपास, भाजलेल्या विटांचा अठराशेच्या. पोकळ ठोकळा असेल तर फरक आणखी वाढतो. भिंत हलकी झाली की तिच्यावरचे बलही कमी होते. पण घराचे वजन फक्त भिंतींत नसते, वर काँक्रीटचा स्लॅब टाकला तर वस्तुमानाचा मोठा वाटा तिथे जातो आणि मग तो स्लॅब पेलायचा कोणी, हा प्रश्न येतो. प्लास्टिकवर सतत भार ठेवला तर ते वर्षानुवर्षे हळूहळू दबत आणि सरकत राहते, उन्हाळ्यात अधिक वेगाने. म्हणून ठोकळ्यांनी भार घ्यायचा नाही, लाकडाच्या किंवा पोलादाच्या सांगाड्याने घ्यायचा, हे बहुतेक जाणकार उत्पादक स्वतःच मान्य करतात. मग भूकंपाचा प्रतिकारही सांगाडा आणि त्याचे सांधे करतात, ठोकळा करत नाही. एकमेकांत अडकणाऱ्या खाचा उभ्या सळईशिवाय आणि वरच्या सलग पट्ट्याशिवाय पातळीबाहेरच्या हादऱ्यात कितपत टिकतील, हे एका विटेवर दाबयंत्र चालवून कळत नाही. पूर्ण भिंत, कोपऱ्यासह आणि खिडकीसह, दोन्ही दिशांनी हलवली तरच कळते.

त्यानंतर आग. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीत १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे मेली, आणि आग बाहेरच्या बाजूने इतक्या वेगाने चढली त्याचे प्रमुख कारण पॉलिथिनचा गाभा असलेले आवरण होते. त्या इमारतीचा भूकंपाशी संबंध नव्हता. परंतु भूकंप आणि आग यांचा आहे : १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात टोकियो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक लोक गेले आणि त्यांतील बहुसंख्य आगीत गेले, १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोचाही बराच भाग आगीनेच नष्ट झाला. चुली उलटतात, विजेच्या तारा तुटतात, नळांना पाणी नसते. अशा वेळी भिंतच इंधन असेल तर आपण काय साधले? जाळीच्या पद्धतीत प्लास्टिक थोडे आणि गिलाव्याखाली दडलेले असते. ठोकळ्याच्या भिंतीत ते टनांनी असते. ज्वालारोधक द्रव्ये मिसळून हा धोका कमी होतो असे सांगितले जाते. तसे असेल तर आगीच्या चाचणीचा अहवाल पूर्ण भिंतीचा असावा आणि पुनर्वापरित मालाच्या दरेक खेपेला तो लागू कसा होतो ते उत्पादकाने दाखवावे.

थोडे किती आणि टनांनी किती, हा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पंधरा मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटर जाड पॉलिप्रॉपिलीनची पट्टी मीटरला सुमारे आठ ग्रॅम भरते. पाच-पाच सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या पट्ट्या मांडल्या, तर चौरस मीटरला चाळीस मीटर पट्टी लागते, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम. शंभर चौरस मीटर भिंतीला दोन्ही बाजूंनी जाळी लावायला पासष्ट किलोच्या आसपास प्लास्टिक पुरते. तेवढीच भिंत ठोकळ्यांची बांधली तर कित्येक टन जिरते. कचरा जिरवण्याच्या स्पर्धेत जाळी हरणार हे उघड आहे, आणि म्हणूनच कचरा-व्यवस्थापनाच्या निधीतून येणारा पैसा ठोकळ्यांकडे वळतो. इमारतीची सुरक्षा किलोंवर मोजू लागलो की असे होते.

कचऱ्याचा प्रश्न लहान आहे असे मी म्हणत नाही. संशोधक रोलंड गायर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरात गेला होता. डांबरी रस्त्यांत तो मिसळण्याचे प्रयोग झाले, काही यशस्वीही झाले. रस्त्याचा प्रयोग फसला तर खड्डा पडतो आणि पुढच्या वर्षी बुजवता येतो. भिंतीचा प्रयोग फसला आहे हे मात्र ज्या मिनिटाला कळते, त्या मिनिटात दुरुस्ती करता येत नाही. कचऱ्याची सोय आणि जीविताची सुरक्षा यांची मंजुरी एकाच कागदावर, एकाच सहीने देऊ नये, ही माझी पहिली विनंती या फरकातूनच निघते.

दुसरी विनंती दाव्यांबाबत आहे. बांधकामाच्या सुट्या वस्तूवर, मग ती वीट असो, ठोकळा असो किंवा सिमेंटची गोणी असो, भूकंपरोधक असा शिक्का मारण्यास मनाई असावी. भूकंपाला तोंड देते ते संपूर्ण बांधकाम; तेव्हा दावा करायचाच असेल तर तो भिंत, तिचे सांधे, पाया आणि छप्पर यांच्या ठराविक रचनेबद्दल करावा आणि त्या रचनेची उलटसुलट भाराची चाचणी, पातळीत आणि पातळीबाहेर दोन्ही प्रकारे, तडा गेल्यानंतर कोसळेपर्यंत नेलेली असावी. तडा गेला तिथे यंत्र थांबवून काढलेल्या आकड्याला या संदर्भात फार अर्थ नाही. अशा प्रत्येक अहवालात किती सरकल्यावर भिंत पडली हा आकडा सर्वांत वर छापला जावा असे मी सुचवेन.

पुनर्वापरित मालाबाबत, तो पेट आहे की पॉलिप्रॉपिलीन, त्यात भेसळ किती, पट्टी किती बळाला आणि किती लांबून तुटते, आणि ज्या गिलाव्याखाली ती जाणार त्याच्या अल्कतेत, उष्णतेत व ओलाव्यात ठेवल्यावर तिची किती ताकद उरते, एवढे प्रत्येक खेपेसोबत लेखी मिळाले पाहिजे. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पट्टी ओढून तोडणारे साधे यंत्र आणि गरम अल्कधर्मी पाण्याची टाकी पुरेल. पुनर्वापरित पट्टी या कसोटीत उतरत नसेल तर नवी वापरावी. पासष्ट किलो नव्या प्लास्टिकने एक कुटुंब वाचत असेल, तर पर्यावरणाच्या नावाने त्याला हरकत घेणाऱ्याशी वाद घालायला मी तयार आहे.

आणि शेवटची, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची विनंती. अभियंत्याशिवाय बांधलेल्या दगड-मातीच्या जुन्या घरांच्या मजबुतीसाठी आपल्या संहितेत स्वतंत्र प्रकरण असावे आणि त्यात जाळीची पद्धत गवंड्याला कळेल अशा आकृत्यांसह यावी : पट्ट्यांमधले अंतर, आरपार भोकांचे अंतर, कोपऱ्यावर जाळी किती पुढे न्यायची, दाराखिडकीच्या कडेला ती कशी दुमडायची, पायाशी कशी अडकवायची, गिलावा किती जाड. जाळी गिलाव्याखाली गेली की काहीच दिसत नाही, त्यामुळे गिलाव्याआधीची पाहणी आणि तिची छायाचित्रे हाच तपासणीचा एकमेव खरा टप्पा आहे. अनुदानाचा हप्ता त्या टप्प्याला बांधला जावा. या प्रकरणाचा मसुदा हरकतींसाठी खुला कराल तेव्हा त्यासोबत आजवर झालेल्या शेक टेबल चाचण्यांचे अहवाल, ज्यांत प्रतिकृती कोसळल्या तेही, सर्वांना वाचता येतील असे ठेवावेत. मसुदा तपासण्याच्या आणि आकृत्या काढण्याच्या कामात माझ्यासारखे अनेक जण विनामोबदला हातभार लावतील.

कळावे.

आपला विश्वासू,
एक संरचना अभियंता